बाळ तीन किलोचं, मग वजन दहा किलोनं का वाढावं?

प्रश्न : माझी सून पाचव्या महिन्यात आहे. अंगणवाडीत तिचं वजन करतात आणि ‘नऊ महिन्यांत नऊ ते अकरा किलो वाढायला हवं’ म्हणतात. बाळ तर जेमतेम तीन किलोचं असतं. मग बाकीची नुसती चरबीच ना? शेजारच्या बाया म्हणतात, दोन जिवांचं खा. माझ्या सासूबाई म्हणतात, फार जेवलं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, पोखर्णी, जि. परभणी

उत्तर : तुमची वजाबाकी बरोबर आहे, फक्त चरबीवरचा आळ थोडा जास्त झाला. बाळाबरोबर वार असते, ती अर्धा-पाऊण किलोची. गर्भजल पाऊण ते एक किलो, वाढलेलं गर्भाशय सुमारे एक किलो, स्तन अर्धा किलो. आईचं रक्तही सव्वा-दीड किलोनं वाढतं आणि अंगात जवळपास तेवढंच पाणी साठतं. एवढी बेरीज केली तरी साडेआठ-नऊ किलो होतात. उरते ती चरबी, आणि ती पुढे अंगावर पाजताना कामी येते.

हे वजन सगळ्या महिन्यांत सारखं वाढत नाही. पहिल्या तीन महिन्यांत एखाद-दुसरा किलो वाढतो. उलट्या फार झाल्या तर घटतोही. चौथ्यापासून महिन्याला दीड-दोन किलो वाढ अपेक्षित असते. नऊ ते अकरा हा आकडा साधारण बांध्याच्या बाईसाठी. मुळात फार बारीक असलेलीनं याहून जास्त वाढवावं, आधीच वजनदार असलेलीनं कमी. आपल्या सुनेचा आकडा दवाखान्यातच विचारून घ्या.

आता शेजारणींचं. जीव दोन असले तरी जेवण दुप्पट लागत नाही. चौथ्या महिन्यापासून दिवसाला सुमारे साडेतीनशे कॅलरी जास्त पुरतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध.

सासूबाईंची भीती मात्र जुनी आहे, आणि पुष्कळ घरांत आहे. बाळंतपण अडतं ते बहुधा कटीची जागा लहान असल्यानं, बाळ आडवं-तिरपं असल्यानं किंवा कळा कमी पडल्यानं. बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं ते बरेचदा आईची साखर वाढल्यानं. तिची तपासणी करता येते. रोजची भाकरी त्याला जबाबदार नाही. आपल्याकडची अडचण उलटी आहे : बाळं लहान जन्मतात. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, आणि त्याला जंतुसंसर्गाचा धोका अधिक. तेव्हा सुनेनं कमी जेवून बाळंतपण सोपं होत नाही, तिचा अशक्तपणा तेवढा वाढतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतच भरलं. नवल म्हणजे, एकूण किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याचा संबंध बाळाच्या वाढीशी ठळक दिसला. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध घेणाऱ्यांची बाळं मोठी होती. शेतातली आणि घरातली जड कामं जास्त करणाऱ्यांची बाळं लहान होती.

पालेभाजीसाठी तुम्हाला लांब जायला नको. माठ, चुका, शेपू, अंबाडी बाजारात असतातच. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीही मुद्दाम लोह आणि जस्त जास्त असलेली आहे. खरी अडचण ताटापेक्षा पंगतीची. डोहाळजेवणाला ताट ओसंडतं आणि एरवी सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते सून खाते. तिला आधी वाढा, आणि पाण्याचे हंडे दुसऱ्या कुणीतरी उचलावेत.

दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीनं पोट भरत नाही आणि वजनही फुगत नाही. ती रोज घ्यायची, पण चहासोबत नको. चहामुळे लोह अंगी कमी लागतं. वजन मात्र आठवड्याभरात एकदम वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं दुखू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो खाण्याचा परिणाम समजू नका. रक्तदाब वाढलेला असू शकतो. पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.