पहिला गेमिंग पीसी: पैसा नेमका कुठे घालावा?

प्रश्न : अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. साठवलेल्या ६०,००० रुपयांत गेमिंग पीसी जोडायचाय. मॉनिटर घरात आहे. दुकानदार म्हणतात, भारी प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम घ्या, ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू. ऐकू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका ऐकू. प्रोसेसर महाग तितका गेम पळतो, हा समज फार पसरलाय. पडद्यावरचं चित्र रंगवण्याचं मुख्य काम ग्राफिक्स कार्डाचं, म्हणून बजेटचा सर्वांत मोठा वाटा तिथेच जाऊ द्या. फुल एचडी मॉनिटरला ८ जीबी मेमरीचं कार्ड आणि रायझन ५ ५६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर छान जुळतो. रॅम १६ जीबी पुरे, पण ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. एका पट्टीपेक्षा वेग चांगला मिळतो.

पैसे कमी पडलेच, तर रायझन ५ ५६००जी घ्या. त्यात ग्राफिक्स अंगभूत आहे, हलके गेम चालतात, कार्ड दिवाळीला.

काटकसर एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, मात्र कधीच नको. कॅबिनेटसोबत मिळणारा बिननावाचा डबा बिघडला तर मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस ब्राँझ’ छापलेला ५५० वॉटचा घ्या.

जोडताना प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि अलगद ठेवा. तो आपसूक बसतो. दाबलात तर खालच्या पिना वाकतील. कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा. पहिल्यांदा स्क्रीन काळीच राहिली तरी घाबरू नका. बरेचदा रॅमची पट्टी ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसलेली नसते, एवढंच.