तितिकाकात उतरण्यापूर्वी

तारकर्लीच्या खाऱ्या पाण्यात स्कूबाची विद्या शिकलेल्या माणसाला समुद्रसपाटी इतकी अंगवळणी पडलेली असते, की आपल्या साऱ्या गणिताचा पाया तीच आहे याचा त्याला विसर पडतो. आणि बोलिव्हिया व पेरू यांच्या सरहद्दीवर, 3,812 मीटर उंचीवर पसरलेल्या तितिकाका सरोवरात हा विसर प्राणावर बेतू शकतो. जेथे 1968 साली फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तो यांनी आपल्या दोन छोट्या पाणबुड्या उतरवून कातडीच्या घड्यांतून श्वास घेणारे महाकाय बेडूक पाहिले, आणि जेथील सूर्यद्वीपाजवळच्या खडकावरून तिवानाकू लोकांनी अर्पण केलेली सुवर्णाभूषणे व लामांची हाडे संशोधकांनी वर काढली, तेथे उतरण्याची ओढ मी पुरती जाणतो, आणि म्हणूनच हे सांगतो आहे.

त्या उंचीवर वायुभार समुद्रसपाटीच्या सुमारे 63 टक्केच असतो. त्यामुळे समुद्रात जो दाब दहा मीटरवर दुप्पट होतो, तो येथे साडेसहा मीटरवरच होतो, आणि शरीरात मुरलेल्या नत्रवायूच्या दृष्टीने येथील 20 मीटरची बुडी समुद्रातील सुमारे 31 मीटरच्या बुडीच्या तोलाची ठरते. तळाशी राहण्याची मुभा त्या मानाने निम्म्याहूनही कमी उरते. झुरिकच्या बुहलमान यांनी पर्वतीय सरोवरांसाठी निराळे तक्ते रचले, ते याच कारणाने. आम्ही तेथे उतरलो तेव्हा आमची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी मात्र समुद्राचेच तक्ते पुढे केले होते. त्यांनी दिलेल्या जुन्या बंदिस्त खोलीमापकाचा काटा होडीतच नव्हे, तर डोके पाण्याखाली गेल्यावरही शून्याच्या खुंटीला चिकटून राहिला आणि जवळजवळ चार मीटर उतरल्यावर जागचा हलला. असा बंदिस्त मापक 20 मीटरवर 16 च दाखवतो. मनगटावरचा संगणक ही चूक सुधारतो खरा, परंतु अशा अनेक संगणकांची मर्यादा 3,000 मीटर उंचीपर्यंतच असते. सबब, त्याची पुस्तिका घरीच वाचावी.

त्या दिवशी वर आल्यावर माझ्या सोबत्याचे डोके ठणकू लागले, आणि ही विरळ हवेची बाधा की रक्तातील नत्रवायूच्या बुडबुड्यांची, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना; कारण दोन्ही व्याधींची पहिली लक्षणे बहुधा सारखीच असतात. मोटार सज्ज होती. ला पाझला नेण्याचा आग्रह होत होता, आणि वरवर पाहता तोच शहाणपणाचा भासत होता. परंतु सरोवराकाठच्या कोपाकाबानाहून ला पाझचा रस्ता तिकीनाची सामुद्रधुनी तराफ्याने ओलांडून एल आल्तोवरून जातो, आणि एल आल्तो 4,000 मीटरहून उंच आहे. म्हणजे आजारी माणसाला आणखी विरळ हवेत चढवून त्याच्या अंगातील बुडबुडे आपणच फुगवायचे. दूरध्वनीवर लाभलेल्या, बुडी घेणाऱ्यांच्या वैद्यांनी त्याला काठावरच निजवून अखंड प्राणवायू देण्यास बजावले, आणि पहाटेपर्यंत ठणका ओसरला. तो दूरध्वनी लागला नसता तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

म्हणून जाणाऱ्याने अशा वैद्यांचा क्रमांक, पुरेसा प्राणवायू आणि दाबकोठडी नक्की कोठे आहे व ती चालू आहे का याची खातरजमा, एवढी तजवीज आधी करावी. पोहोचताच उतरू नये, निदान पहिला दिवस विश्रांतीला द्यावा. डोके दुखत असेल तर बुडी तहकूब करावी, मग परवान्यावर आणि होडीवर कितीही खर्च झालेला असो. पाणी दहा-चौदा अंश इतके गार असते, आणि त्यासाठी घातलेला निओप्रीनचा जाड सूट विरळ हवेत अधिक फुगतो, तेव्हा वजनाची परीक्षा उथळ पाण्यातच घ्यावी. वर येताना घाई नको. आणि पृष्ठभागावर येताच तोंडातील रेग्युलेटर काढून टाकण्याची समुद्रातली सवय येथे सोडावी, कारण सिलिंडरच्या दाट हवेतून त्या पातळ हवेत अचानक आलेल्या माणसाला भोवळ येऊ शकते. होडीत बसेपर्यंत तो तोंडातच असू द्यावा.

परतीचे तिकीट काढताना अखेरची बुडी आणि एल आल्तोचा चढ यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, आणि विमानाची वेळ त्यानंतरची घ्या.