रूममेटचा कॉम्प्युटर आणि माझा गुणाकार

चूक माझीच आहे, म्हणून आधीच कबूल करतो. खोलीचं लाईटबिल वाटून घेताना मी रूममेटच्या जुन्या कॉम्प्युटरवर बोट ठेवलं. लॅबमधला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर आणून फेजच्या वायरला लावला. करंट ०.८ अँपिअर. गुणिले २३०, म्हणजे १८४ वॉट! त्या हिशोबानं पठ्ठ्याकडून जास्तीचे पैसेही घेतले.

पुढे त्यानं वाय-फायवाला स्मार्ट प्लग आणला. मोबाईलवर आकडा आला ११४ वॉट. मी म्हणालो, "स्वस्तातला आहे, काहीही दाखवतो." तो गप्प बसला. रविवारी मात्र मॉनिटरसकट सगळं वसमत रोडला मामांच्या घरी नेलं, घरातलं बाकी सारं बंद केलं. मामांच्या मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स असं छापलंय. लाल दिवा तेवढ्यांदा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमध्ये साधारण १० सेकंद गेले. ३६ लाखांना ३२,००० नं भागा: ११२.५ वॉट. माझं तोंड बंद!

व्होल्टेज आणि करंट वेगवेगळे मोजून गुणले की व्होल्ट-अँपिअर मिळतात, वॉट नव्हे. जुन्या स्वस्त एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नसतं. तो व्होल्टेजच्या शिखरापाशीच करंट ओढतो. आमचा पॉवर फॅक्टर निघाला ०.६२. सेकंड इयरला हे पाठ करून मार्क मिळवले होते, हे विशेष.

प्लग आणि मीटर दोघेही क्षणाक्षणाचा व्होल्टेज-करंट गुणाकार करून सरासरी काढतात. प्लगातली एचएलडब्ल्यू ८०१२ सारखी चिप वॉटच्या प्रमाणात पल्स देते. वाय-फायचा भाग त्या मोजून फक्त कळवतो. महावितरणच्या स्मार्ट मीटरातही मोजणं वेगळं, कळवणं वेगळं. नोंदी वेळेसह मीटरातच साठतात, रेंज गेली तर मागाहून जातात. त्यामुळे "नेटवर्क नव्हतं म्हणून युनिट वाढले" हा मेसमधला तर्क मला पटत नाही. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालताना स्वतःचे जे वॉट सांगतो ते बॅटरीपाशी मोजलेले असतात. अॅडाप्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यात धरलेली नसते.

पैसे परत केलेत. प्लग त्याच्याकडेच आहे, कुणालाही मागितला तर देतो. हीटर मोजायला मात्र मागू नये, हा अंक रेक्टरसाहेबही वाचतात.