नव्या गुलाबांची उन्हाळ्यातील निगा

डोळा भरलेली गुलाबाची कलमे पावसाळ्याच्या अखेरीस लावणे उत्तम. परंतु माघ-फाल्गुनात लावलेली कलमे पुरती मुळे धरण्यापूर्वीच चैत्र-वैशाखाच्या उन्हात सापडतात. दुपारी पाने मलूल झालेली पाहून बागाइतदार वारंवार पाणी घालतो, आणि पुष्कळ कलमे उन्हापेक्षा या घाईनेच दगावतात. सायंकाळी पाने आपोआप सावरली, तर मुळांना पाणी कमी पडले असे समजू नये. आळ्यातील माती बोटभर खोल उकरून पाहावी. ती कोरडी लागली तरच सकाळी आळे भरून पाणी द्यावे. रोजच्या शिंतोड्यांनी मुळे वरच्या तापणाऱ्या थरातच राहतात. उलट भारी काळ्या जमिनीत पाणी साचल्यास ती कुजतात.

आळ्यात वाळलेल्या पाल्याचे सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरावे, मात्र ते खोडाला भिडवू नये. पश्चिमेच्या बाजूस तट्ट्याचा आडोसा करावा. नवी फूट जोमदार होईपर्यंत रासायनिक खत देऊ नये. कळ्याही खुडाव्यात, मनाला कितीही जड गेले तरी. भरलेल्या डोळ्याच्या खाली, खुंटावर येणारी फूट उगमापासून काढावी. ती माजल्यास कलम दबते व खुंटाचा रानटी गुलाब तेवढा उरतो. पानांखाली लाल कोळी दिसल्यास सकाळी पाण्याचा जोरदार फवारा द्यावा. कडक उन्हात गंधक मारू नये, पाने करपतात.