एक खुर्ची रिकामी ठेवा

मालिकांचं पार्श्वसंगीत करताना दर वेळी कोऱ्या फाइलपासून सुरुवात करायचो. व्हायोलिनं लोड करा, नावं द्या, रिव्हर्ब लावा... तोवर सुचलेली चाल विरून जायची. म्हणून क्यूबेसमध्ये ऑर्केस्ट्राचं कायमचं टेम्प्लेट मांडायला घेतलं. तीनदा मोडलं, चौथ्यांदा जमलं. त्या मोडतोडीतून शिकलेलं हे.

१. अख्खी पंगत पहिल्याच दिवशी बसवू नका. पहिल्या टेम्प्लेटमध्ये मी चारशे ट्रॅक भरले. ते उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. एकदा तर दिग्दर्शक मागे बसलेले असतानाच कॉम्प्युटरनं मान टाकली. मग जुन्या फाइली चाळल्या, तेव्हा कळलं की माझा हात फिरूनफिरून साठेक ट्रॅककडेच जातो. तेवढे जागते ठेवले, उरलेले डिसेबल केले. डिसेबल ट्रॅक यादीत दिसतो, पण रॅम खात नाही.

२. क्रम छापील स्कोअरचाच ठेवा. वर वुडविंड, मग ब्रास, त्याखाली तालवाद्यं, तळाला स्ट्रिंग्ज. प्रत्येक गटाला ठरलेला रंग. रात्री दोन वाजता डोळे मिटत असतानाही हात बरोबर चेलोवर पडतो.

३. लांब आणि आखूड सूर वेगळ्या ट्रॅकवर घ्या. लेगाटोची सॅम्पल्स उशिरा बोलतात, कारण एका सुरावरून दुसऱ्यावर जाणंही त्यांत रेकॉर्ड केलेलं असतं. स्टकाटो लगेच वाजतो. लेगाटो तबल्यामागे रेंगाळायचं आणि मी कितीतरी दिवस स्वतःच्या बोटांना दोष देत होतो. उपाय साधा निघाला: त्या ट्रॅकचा डिले उणे करायचा. दर लायब्ररीचा आकडा वेगळा. कानानं एकदाच ठरवा आणि ट्रॅकच्या नावातच लिहून ठेवा.

४. भाता विसरू नका. पेटीवाल्याला हे सांगावं लागत नाही, पण कीबोर्डवर दोन्ही हात सूर वाजवण्यात गुंततात. मी डावा हात दोन फेडरवर ठेवतो: मॉड्युलेशन आणि एक्स्प्रेशन. बहुतेक लायब्ऱ्यांत पहिल्यानं सुराचा जोर आणि पोत बदलतो, दुसऱ्यानं फक्त आवाज कमीजास्त होतो. दोन्हींना ० ते १२७ इतकी जागा असते, ती वापरा.

५. खरा वाद्यवृंद ऐकून फेडर लावा. सॅम्पलमध्ये खालच्या सप्तकातली एकटी बासरीही चार हॉर्नना पुरून उरते. सभागृहात ती ऐकूसुद्धा येणार नाही. मी रिम्स्की-कोर्साकोव्हचं १८८८ मधलं ‘शहेरजाद’ लावून पातळ्या ठरवल्या. त्यात जवळजवळ प्रत्येक वाद्य कधी ना कधी पुढे येतं.

६. स्टेमची वाट पहिल्या दिवशीच काढा. मिक्सिंगला बसल्यावर, "संवादाखालचा ढोल काढा," असा निरोप आला, तेव्हा माझ्याकडे सगळं एकाच फाइलमध्ये होतं. ती रात्र त्यातच गेली. आता प्रत्येक गट आपापल्या बसमधून, आपल्या रिव्हर्बसकट, ४८ किलोहर्ट्झवर वेगळा निघतो.

७. एक ऑडिओ ट्रॅक मोकळा ठेवा. माझ्या साठ ट्रॅकांतलं एकही व्हायोलिन मनासारखी मींड घेत नाही. पिच बेंडनं सूर सरकतो, पण वाटेत कुठे रेंगाळायचं ते त्याला कळत नाही. आमच्या बजेटमध्ये बहुधा एकच वादक बसतो. त्याच्या ट्रॅकचं नाव मी ‘माणूस’ ठेवलंय. तो आला की सॅम्पलची पहिली व्हायोलिनं बंद करतो. मागची चाळीस वाद्यं खरी वाटायला तेवढा एक गज पुरतो.