रानवाटांची राखण : नागपूरच्या सायकलस्वारांपुढील एक काम

नागपूर शहराच्या पश्चिमेस वस्ती संपते तेथून रान सुरू व्हावयास फारसे अंतर लागत नाही. अंबाझरी जलाशयाला लागून असलेले सुमारे ७५० हेक्टरांचे जैवविविधता उद्यान, गोरेवाड्याचे सुमारे १,९०० हेक्टरांचे वनक्षेत्र आणि शहराच्या अगदी कुशीत शिरलेली सेमिनरी हिल्सची टेकडी अशी वनसंपदा एवढ्या मोठ्या शहराच्या उंबरठ्यावर क्वचितच आढळते. पहाटेच्या वेळी या भागात फिरावयास येणाऱ्यांत पायी चालणारे असतात, पक्षिनिरीक्षक असतात आणि अलीकडच्या काळात जाड टायरांच्या डोंगरी सायकलींवरून येणारे तरुणही असतात. नागपुरात डोंगर कोठे आहे, असा प्रश्न सह्याद्रीकडील माणसाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु या सायकलीला उंच डोंगर लागतोच असे नाही. मुरमाड चढउतार, दगडगोटे आणि झाडीतून वळत जाणारी अरुंद पायवाट एवढे तिला पुरेसे असते.

नागपूरला सायकलीचे वेड नवीन नाही. येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची अत्यंत खडतर शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. हे सर्व मात्र डांबरी रस्त्यावरचे सायकलिंग होय. रस्त्यावर खड्डा पडला तर तक्रार कोणाकडे करावयाची हे ठाऊक असते, कारण रस्त्याला धनी असतो. रानातील पायवाटेचे तसे नाही. ती सर्वांच्या वापराची असते आणि म्हणूनच पुष्कळदा कोणाच्याही काळजीची नसते. एका पावसाळ्यात तिच्यात घळ पडते, पुढच्या वर्षी लोक घळ टाळून शेजारून जाऊ लागतात आणि तिसऱ्या वर्षी एका वाटेच्या जागी तीन वाटा झालेल्या दिसतात. गवत जाते, माती उघडी पडते आणि ती अखेर ओढ्यानाल्यांतून तलावात जाऊन बसते.

अंबाझरीसारख्या ठिकाणी ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नागपुरात कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरून प्राणहानी झाली. त्या आपत्तीचा दोष पायवाटांवर ठेवणे अर्थातच वेडेपणाचे होईल. तथापि तलावाच्या काठच्या उताराची माती जागच्या जागी राहणे शहराच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, हे त्या पहाटेने दाखवून दिले.

दुसऱ्या देशांतील अनुभव

डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन जिल्ह्यात तमालपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, दणकट सायकलींना नवे ब्रेक व गिअर बसवून वनविभागाच्या कच्च्या रस्त्यांवरून भरधाव उतरू लागले. १९७६ पासून तेथे शर्यती सुरू झाल्या. खेळ लोकप्रिय झाला तशी कुरबुरही वाढली. पायी चालणारे व घोडेस्वार यांच्या तक्रारी आल्या आणि पुष्कळ वाटा सायकलींना बंद झाल्या. या बंदीला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातील काही मंडळांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय डोंगरी सायकल संघटना स्थापन केली. संघटनेने नुसते निषेधाचे अर्ज केले नाहीत. वाटेवर कसे वागावे याचे नियम तिने सभासदांना घालून दिले आणि वाटा दुरुस्त करण्याचे श्रमदान हाती घेतले. वाट वापरणारा हाच वाटेचा राखणदार झाल्यावर अधिकाऱ्यांशी त्याचे बोलणेही वेगळ्या पायरीवरून होऊ लागले.

सायकलीमुळे वाट अधिक खराब होते काय, या प्रश्नाचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत घोड्यांच्या टापांनी सर्वांत जास्त माती सुटी होते, असे दिसले. सायकलीने पायी चालणाऱ्यापेक्षा अधिक माती सुटते, असे मात्र आढळले नाही. अर्थात ब्रेक दाबून मागचे चाक फरफटत नेणाऱ्या उतावळ्या स्वाराला या निष्कर्षाचा आधार घेता येणार नाही.

त्याच देशातील अॅपलाचियन पायवाटेचे उदाहरण याहून जुने व अधिक बोलके आहे. सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या या वाटेची कल्पना १९२१ मध्ये बेंटन मॅके यांनी मांडली आणि १९३७ मध्ये ती अखंड जोडली गेली. तिची देखभाल आजही मुख्यत्वे स्वयंसेवकांची मंडळे करतात. येथील खरी युक्ती वाटणीत आहे. प्रत्येक मंडळाकडे ठरावीक टापू असतो आणि पुष्कळ ठिकाणी त्या टापूचेही लहान तुकडे पाडून ते एकेका माणसाकडे सोपविलेले असतात. ‘सर्वांनी मिळून काळजी घ्यावी’ या मोघम वाक्यापेक्षा ‘या नाल्यापासून त्या वळणापर्यंतचा भाग अमक्याचा’ ही व्यवस्था अधिक टिकते.

विदर्भाची शिदोरी

श्रमदान हा शब्द विदर्भाला कोणी शिकवावा लागत नाही. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणारे गाडगे महाराज आणि मोझरीच्या गुरुकुंजातून ग्रामोन्नतीचा मंत्र देणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे याच मातीतले. अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, पाणी फाउंडेशनच्या पहिल्या स्पर्धेत अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्याने भर उन्हाळ्यात चर खोदले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि जंगल राखण्याचे काम गावसभेने स्वतःच्या अंगावर घेतले. शहरातील सायकल मंडळाला गावसभेचे हक्क नसतात, ही गोष्ट खरी. परंतु आधी सर्वांनी बसून ठरवावयाचे आणि मग ठरलेले सर्वांनी पाळावयाचे, ही तेथील रीत मंडळालाही उचलता येण्यासारखी आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. परदेशी चित्रफिती पाहून उत्साहाच्या भरात कुदळ घेऊन रानात शिरणे हा गुन्हा ठरू शकतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात परवानगीवाचून प्रवेश करणे, झाडे तोडणे, जमीन मोकळी करणे वा विस्तव पेटविणे यांस मनाई आहे. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला अशा संरक्षित क्षेत्रांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे निर्बंध आहेत आणि तेथे हौशी सायकलस्वारीचा विचारही करू नये. गोरेवाड्यात बिबट्याचा वावर आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळा व ठरवून दिलेल्या वाटा यांचे बंधन पाळलेच पाहिजे. नवी वाट पाडणे हे मंडळाचे पहिले काम नव्हे. खुल्या असलेल्या वाटांपैकी एखादी निवडावी, संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, कोणत्या दिवशी किती माणसे कोणत्या अवजारांनी काय करणार हे त्यात नमूद करावे आणि वनरक्षक हजर असतानाच कामास हात घालावा. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय नागपुरातच आहे, ही येथील मंडळांची मोठीच सोय आहे.

पाणी वाट कशी खाते

वाटेचा खरा शत्रू चाक नसून पाणी होय. नागपूरला वर्षाकाठी साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तोही पुष्कळदा मोठ्या सरींनी. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन ६४ पट होते, असा जुना सिद्धांत आहे. म्हणून पाण्याला वाटेवर वेग घेऊ न देणे हेच सारे शास्त्र.

उताराच्या सरळ रेषेत खाली जाणारी वाट पहिल्याच पावसाळ्यात नाला बनते. वाट टेकडीच्या अंगावरून आडवी, हलक्या चढाने न्यावी. ढोबळ नियम असा की वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. टेकडी १०० मीटरला १६ मीटर उतरत असेल तर वाट १०० मीटरला ८ मीटरांहून अधिक चढू नये. एकंदर सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत राहील हेही पाहावे. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली असावी. एक मीटर रुंदीस पाच सेंटिमीटर एवढा झुकाव पुरतो. मग पाणी वाटेवरून लांबवर न धावता आडवे ओलांडून गवतात जाते. शिवाय ठिकठिकाणी वाट थोडी खाली उतरवून पुन्हा चढवावी. शेताच्या बांधाला सांडवा काढतात, तेच काम ही खोलगट जागा करते.

हे मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. सलग समतल चर आखताना गावकरी वापरतात ती ए-आकाराची लाकडी चौकट येथेही उपयोगी पडते. दोन सारख्या काठ्या वर बांधून मध्ये आडवी पट्टी ठोकावी आणि माथ्यावरून दगड बांधलेली दोरी सोडावी. दोरी पट्टीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे. पायांतील अंतर दोन मीटर ठेवून एका पायाखाली दहा सेंटिमीटर जाडीचा ठोकळा बांधला, की तीच चौकट पाच टक्के चढ दाखवू लागते. शाळकरी मुलांनाही हे तासाभरात जमते.

मातीची ओळख मात्र हवी. शहराच्या पश्चिमेकडील जमीन काळ्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली आहे. उंचवट्यावर मुरूम असतो, त्यातून पाणी लवकर झिरपते. सखल भागात काळी माती असते. ती ओली असताना चाकाला लगदा होऊन चिकटते, तिच्यात खोल चाकोरी पडते आणि उन्हाळ्यात ती चाकोरी विटेसारखी कडक होते. म्हणून पाऊस उघडल्यावर मुरमाड वाटेवर लवकर जाता येईल, काळ्या मातीवर मात्र ती वाळेपर्यंत दिवसेंदिवस थांबावे लागेल. चाकाचा ठसा बोटाच्या पेराएवढा रुतू लागला की सायकल वळवून परत फिरावे. हा एक संयम सर्व सभासदांनी पाळला तर वर्षातली निम्मी दुरुस्ती वाचेल.

वर्षाचे वेळापत्रक

मोठी दुरुस्ती ऑक्टोबर ते जानेवारी या काळात करणे चांगले. त्या वेळी जमीन किंचित ओलसर असते आणि ऊनही सोसवते. टिकाव, फावडे, पहार, घमेले व कोयता एवढी अवजारे पुरतात. पडलेल्या घळीत माती टाकणे हे निरुपयोगी काम होय. पुढच्या सरीला ती वाहून जाते. आधी वरच्या बाजूने येणारे पाणी वळवावे, मगच भर घालावी. आडमार्ग बंद करावयाचे असल्यास त्यांवर वाळलेल्या काटेरी फांद्या व दगड आडवे टाकावेत. पाटी लावण्याहून हा उपाय गुणकारी असतो.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या दृष्टीने वणव्याचा हंगाम. या दिवसांत साग, तेंदू, पळस यांचा पाचोळा वाटेवर साचतो. वनविभाग आपल्या जाळरेषा त्यापूर्वीच तयार करतो. सायकलस्वारांनी वाटेवरील पाचोळा झाडून ठेवला तर जमिनीलगत सरपटणाऱ्या आगीला तेवढाच अटकाव होतो आणि विझविणाऱ्यांना आत शिरावयास जागा मिळते. वारा सुटला की मीटरभर रुंदीच्या वाटेने वणवा अडत नाही, हेही विसरू नये. स्वयंसेवकाचे काम धूर दिसताच १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळविणे आणि नेमके ठिकाण सांगणे हे होय. प्रशिक्षणावाचून आगीत उतरणे हे त्याचे काम नव्हे. पहाटे रानात असणारी वीस माणसे म्हणजे वनरक्षकाला मिळालेले वीस जोडी डोळे, हा सायकल मंडळाचा बहुधा सर्वांत मोठा उपयोग आहे.

पावसाळ्यात कुदळ बाजूला ठेवावी. भर पावसात छत्री घेऊन, पायी, आपापल्या तुकड्यावरून एक फेरी मारावी. जेथे पाणी वाटेवर येते तेथे एक खूण, जेथून ते बाहेर पडते तेथे दुसरी खूण करावी. सभासदाचे नाव, तुकड्याची हद्द, पाहणीची तारीख आणि खुणांचा कच्चा नकाशा एका साध्या वहीत उतरवून तिची एक प्रत वनरक्षकाच्या चौकीत द्यावी. ऑक्टोबरात काम कोठून सुरू करावयाचे ते त्या वहीवरूनच ठरते.