मेणबत्तीचा उजेड चित्रात हवा, पॅलेटवर नको

पूर्व विदर्भातल्या मुलचेऱ्यात पावसाळ्यात वारा सुटला की लाइन जाते आणि घराघरात मेणबत्त्या निघतात. चित्र काढणाऱ्याला त्या उजेडाचा मोह पडतोच. पितळी तांब्या, वेळूची टोपली, वाळलेली मोहफुलं, शेजारच्या बंगाली घरातून मागून आणलेला शंख. एवढंच मांडलं आणि मेणबत्ती पेटवली की साध्या भांड्यालाही देखणेपण येतं. मी हौशी चित्रकार, तैलरंगात काम करतो. या उजेडातलं स्थिरचित्र काढताना मला जे भोगावं लागलं, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

माझं पहिलं चित्र रात्री सोन्यासारखं दिसत होतं. सकाळी खिडकीपाशी नेलं तर राखेसारखं निस्तेज, मध्येच कच्च्या पिवळ्याचे डाग. कारण नंतर उमगलं. मेणबत्तीच्या उजेडात निळा अंश फार थोडा असतो. त्यामुळे पॅलेटवरचा पांढरा आणि फिकट पिवळा सारखेच दिसतात, निळा काळपट होतो. शिवाय कॅनव्हासवर जो सोनेरीपणा दिसत होता तो रंगात नव्हताच, मेणबत्तीचा होता. तो मी मिसळलाच नव्हता.

म्हणून दोन उजेड वेगळे ठेवा. मेणबत्ती फक्त मांडणीवर. कॅनव्हास आणि पॅलेटवर बॅटरीचा एलईडी दिवा, तोही पुठ्ठ्याचा आडोसा करून, म्हणजे त्याचा उजेड मांडणीवर सांडत नाही. दिवा घेताना खोक्यावरचा आकडा वाचा. 4000 ते 5000 केल्विन चांगला. आपल्याकडे सर्रास मिळतो तो 6500चा, निळसर. त्यात रंग थंड दिसतात आणि हात नकळत पिवळा-तांबडा जास्त घेतो. मेणबत्ती स्वतः 1900 केल्विनच्या आसपास असते. मेणबत्ती आणि दिवा यांच्या आकड्यांमधलं अंतर लक्षात आलं की निम्मं कोडं सुटतं.

सावल्यांकडेही लक्ष हवं. मेणबत्ती जळून खाली येते तशा वस्तूंच्या सावल्या लांबत जातात. ज्योतीची उंची मागच्या भिंतीवर खडूने आखून ठेवा आणि मेणबत्तीखाली लाकडी ठोकळे सरकवत राहा. उजेड अंतराने फार झपाट्याने मावळतो: एका हातावर जेवढा, दोन हातांवर त्याच्या चौथाई. म्हणून टोपलीची मागची कड जवळजवळ अंधारात सोडण्याचं धैर्य दाखवा. सगळं दाखवायला गेलं की मेणबत्तीचा उजेड विझतो.

ज्योत कशी रंगवायची, हे मला सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांच्या चित्राने शिकवलं. त्यांचं 1945-46च्या सुमाराचं दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, पण ते जलरंगात आहे आणि त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता उभी राहिली होती. तिने दिव्यापुढे हाताचा आडोसा धरला आहे. उजेड जाणवतो तो बोटांमधून पाझरलेल्या लालीत आणि चेहऱ्यावर. फ्रान्सचा सतराव्या शतकातला जॉर्ज द ला तूरही मेणबत्ती अशीच हाताआड ठेवत असे. कुठलाही रंग ज्योतीइतका उजळ होत नाही, म्हणून भोवतालचं सगळं खाली उतरवावं लागतं. शुद्ध पांढरा फक्त ज्योतीच्या गाभ्यात, चिमूटभर लिंबू पिवळा घालून. तांब्यावरची चमक पांढरी नाही, नारिंगी. ज्योतीखालचं मेण आतून उजळलेलं असतं, ते विसरू नका.

काळोखासाठी आयव्हरी ब्लॅकचे जाड थर देऊ नका. तो फार सावकाश वाळतो आणि वरचा थर आधी वाळला तर तडे जातात. खाली बर्न्ट अंबर पातळ करून लावा, तो लवकर वाळतो. तेलाचं प्रमाण थरागणिक वाढत गेलं पाहिजे, उलट नको. पावसाळ्यात दिव्यावर झेपावणारी पाखरं ओल्या रंगात चिकटतात. ती तेव्हाच उचलू नका. रंग वाळला की ब्रशने अलगद झाडली जातात, डाग राहत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची वाफ साधारण 35 अंशांपासून ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपल्या भागात मे महिन्यात पारा 45च्या घरात असतो. मेणबत्ती आणि टर्पेंटाइन एका टेबलावर नकोच. झाकणाची बाटली वापरा, लागेल तेवढंच वाटीत घ्या, खिडक्या उघड्या ठेवा. ज्योत हलते म्हणून खिडकी लावायची असेल, तर त्या दिवशी टर्पेंटाइन बाहेर ठेवा आणि नुसत्या तेलावर काम करा.

आणि चिंध्या. तैलरंगातलं जवसाचं तेल पूर्व विदर्भात खाण्यातलं, त्यामुळे कुणाला त्याची भीती वाटत नाही. पण ते वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. ब्रश पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला की ती उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत कापड आपोआप पेटू शकतं. ठिणगीचीही गरज लागत नाही. माझ्या घरी एका रात्री चिंध्यांच्या बादलीतून जळका वास आला. हात घातला तर वरच्या चिंध्या गार आणि मधला गोळा चटका बसेल इतका गरम, कडा तपकिरी झालेल्या. मुलं शेजारच्याच खोलीत झोपली होती.

तेव्हापासून प्रत्येक चिंधी पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात जाते, वर घट्ट झाकण. पाणी नसेल तर बाहेर दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवा, ढीग करू नका. तैलरंग हाताळणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मेणबत्ती लावो वा न लावो, झोपण्यापूर्वी हे एवढं पाहावं ही माझी कळकळीची विनंती आहे.